टेम्पोवाल्याचा संपलेला विमा

पन्नाशीला टेकल्यावर मी गाडी चालवायला शिकले. कौतुक राहिलं बाजूला, घरात धास्तीच जास्त. सासरे तर माझ्या गाडीत कधी बसलेच नाहीत. मी चावी घेऊन उभी असले तरी ते खाली जाऊन रिक्षा करायचे. मला फार लागायचं ते.

त्यात घाटकोपरच्या सिग्नलला मी उभी असताना मागून टेम्पोने ठोकलं. डिकी पार आत गेली. मला खरचटलंसुद्धा नाही. जमलेल्यांतले दोघं लगेच मांडवलीला पुढे सरसावले, पण टेम्पोवाल्याने हातच जोडले. "ताई, विमा संपलाय. मी कुठून भरू?"

घरी आल्यावर सासरे म्हणाले, "इकून टाक ती गाडी. असले बिनविम्याचे शंभर फिरतत. तुका झेपाचा नाय."

मलाही तेच वाटायला लागलं होतं. चूक त्याची, त्याच्याकडे विमा नाही, म्हणजे आपली वाट लागली. खरं सांगायचं तर मी घाबरले होते. पुन्हा स्टिअरिंग धरायचं धैर्य होत नव्हतं.

खालच्या मजल्यावरची मैत्रीण विमा एजंट आहे. तिने मला झापलंच. "अगं वेडे, तू फुल विमा घेतलायस ना? मग त्याचा विमा असो नसो, तुझ्या गाडीचा खर्च तुझी कंपनी देणार. थोडा तुझ्या खिशातून जाईल, क्लेम न केल्याचा बोनस जाईल, बस. नुसता थर्ड पार्टी असता तर बसली असतीस कपाळाला हात लावून."

"आणि मला काही झालं असतं तर?"

"मोठं काही झालं तर तुझा अपघात विमा आहे त्यात. बाजूला बसणाऱ्यांचा नाहीये. तो वेगळा घ्यावा लागतो."

कंपनीचा माणूस गॅरेजमध्ये गाडी बघून गेला, काम मंजूर झालं, गाडी परत आली. पहिले काही दिवस मी सोसायटीच्या आवारातच फेऱ्या मारल्या. मग हळूहळू मुलुंडभर फिरू लागले. झकास वाटत होतं.

विम्याच्या नूतनीकरणाच्या वेळी मैत्रीण आमच्याकडे मोबाइल घेऊन बसली होती. मी म्हटलं, "या वेळी बसणाऱ्यांचाही घे."

सासऱ्यांनी पेपर खाली केला. "किती जणांचो?"

"चौघांचा, बाबा."

"मगे त्यात एक माजी सीट धर. पुढची. परवा माका डोळ्यांच्या डॉक्टराकडे जाऊचा आसा."