नऊ बांगड्या

आई गुरुवारी सकाळी गेली. दुपारी तात्यांचा उजवा हात गेला.

मी इंदापुरात ग्रंथपाल आहे. गूढ अनुभवांची पुस्तकं वाचकांना काढून देते, स्वतः कधी वाचत नाही. विश्वासच नव्हता. म्हणून हे जसं झालं तसंच लिहिते.

तात्या, म्हणजे माझे वडील, कासार. बांगड्या भरून झाल्या की बायका कासाराला नमस्कार करतात. आईनं मात्र कधी केला नाही. म्हणायची, "नवरा म्हणून एकदा केलाय लग्नात. आता कासार म्हणून परत कशाला?" तात्या म्हणायचे, "एक दिवस पडशील पाया."

सवाष्ण गेली म्हणून तिला हिरवा चुडा तेच भरायला बसले. बारा बांगड्या. तीन भरल्या... आणि हात मांडीवर पडला. आम्ही त्यांना घेऊन बारामतीला धावलो. भावकीनं आईला तशीच नेली. उरलेल्या नऊ बांगड्या मी नंतर दोऱ्यात ओवून गाठ मारून ठेवल्या. तात्यांची वाचा शाबूत होती, पण ते एकच बोलायचे, "अर्ध्या चुड्यानं धाडली तिला."

काही महिन्यांनी बारामतीत उपचार सुरू झाले. डोक्याच्या डाव्या बाजूला आठच्या आकड्यासारखी कॉइल धरायची. तिच्या चुंबकानं मेंदूतली हाताची जागा जागी करायची. मनगटाच्या वर चिकटपट्ट्या लावून नसेला हलका करंट द्यायचा, आणि त्याच वेळी पेशंटनं स्वतः जोर लावायचा. फिजिओथेरपिस्ट रेश्मा लोणी देवकर गावची. पहिल्याच दिवशी कॉइल टक्‌ वाजली आणि मेल्यासारखा पडलेला अंगठा टुणकन उडाला.

"तात्या, उडाला बघा अंगठा," रेश्मा म्हणाली.

"उडाला न्हाय, तुमी उडवलाय. मशीननं कुणीबी नाचवंल. माझा मी हलवीन तवा म्हणा."

पण त्या दिवसापासून इंदापूर-बारामती एसटीत आमचा दुसरा विषय नसायचा. आज किती उडाला, बोट वळलं का... मी वहीत लिहून ठेवायचे. त्या नऊ बांगड्या मात्र ते रोज बरोबर घ्यायला लावायचे, माझ्या पिशवीत. "असू दे. हात आला तर?"

पाचव्या आठवड्यातली गोष्ट. सकाळचे अकरा. मशीन अजून बंद होतं, पट्ट्याही लावायच्या होत्या. तात्यांच्या समोरचं स्टूल रिकामं होतं. पिशवी माझ्या मांडीवर.

उजवा हात उठला.

नुसता उठला नाही. समोर कुणाचा तरी पंजा धरावा तसा वळला, अंगठ्यानं त्याची हाडं दाबून मऊ केली, डावा हात बांगडी सरकवावी तसा पुढं झाला... लहानपणापासून हजारदा पाहिलेली ती हालचाल. मी मोजत होते. नऊ वेळा. मग तोच हात कपाळाएवढा वर गेला.

"सुखी ऱ्हा गं," तात्या म्हणाले. आणि हात खाली पडला.

रेश्मानं माझ्याकडं पाहिलं. "ताई, बांगड्या वाजल्या का आत्ता?"

तिच्या हातात बांगड्या नव्हत्या, माझ्याही. मीही तेच ऐकलं होतं.

"तात्या, परत करा बघू," ती म्हणाली. बोटसुद्धा हललं नाही.

मी विचारलं, "कुणाला भरल्या?"

"तुला दिसली न्हाय व्हय?" ते हसत होते, डोळ्यांतून पाणी. "पाया पडली आज. जिती असताना पडली न्हाय कधी."

एसटी स्टँडवर मी पिशवी उघडली. दोरा होता. मी मारलेली गाठ होती, घट्ट, जशीच्या तशी. बांगडी एकही नव्हती.

हालचालीचं डॉक्टरांनी समजावलं. हात असा कधीकधी एकदम हलू शकतो, मेंदूच्या वाटा मोकळ्या होत असतात. ते मला पटलं. गाठीबद्दल मी विचारलंच नाही. काय विचारणार? रेश्मालाही फक्त दोरा दाखवला. तिनं गाठ ओढून पाहिली.

नंतर हात खरोखर आला, पण हळूहळू, कॉइलबरोबर, रोजच्या घामानं. तशी हालचाल पुन्हा करायला तात्यांना आणखी चार महिने लागले.

आता ते दुकानात बसतात, उजव्या हातानं बांगड्या भरतात. दोरा माझ्या टेबलाच्या खणात आहे. गाठ मी सोडलेली नाही.