साडूंच्या कार्डातला मोकळा रकाना

नांदेडपासून देगलूरपर्यंतच्या पट्ट्यात गोल्फ खेळणारा माणूस एकच आहे, आणि तो नेमका माझा साडू निघावा, हा माझ्या पत्रिकेतला दोष आहे. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे हे यजमान रेल्वेतून निवृत्त झाले. नोकरीतली काही वर्षं सिकंदराबादला काढली, तिथं एका मोठ्या साहेबांच्या मागं काठ्यांची पिशवी घेऊन हिंडता हिंडता त्यांना हा नाद लागला. बाकीची माणसं निवृत्त झाली की प्लॉट बघतात, गुडघ्यांना तेल चोळतात, नातवंडांच्या रिक्षाची वाट बघत फाटकाशी उभी राहतात. आमच्या साडूंनी साहेबांच्या जुन्या काठ्या आणल्या, नायगावजवळच्या चार एकरांतले दोन एकर पेरायचे सोडून दिले आणि त्यात तीन खड्डे खोदले. पूर्ण डाव अठरा खड्ड्यांचा असतो, म्हणून त्याच तीन खड्ड्यांना सहा फेऱ्या. आता खड्ड्याभोवती चेंडू घरंगळायला जमीन गुळगुळीत पाहिजे, आणि काळ्या रानात हिरवळ कुठली आणायची? साडूंनी पाणी मारलं, माती चोपली आणि वर शेणानं सारवून तीन गोल अंगणं केली. शेजारच्या शेताचे मालक माणिकराव, गावचे माजी सरपंच, बांधावरून कौतुकानं म्हणाले, "साहेब, खळं तर झ्याक झालं. आता मळायचं काय?"

खड्डा दुरून दिसावा म्हणून झेंडा लागतो. साडूंनी भगवं फडकं लावलं, तेव्हा गावातली दोन माणसं अभिनंदन करून गेली आणि चार माणसं बोलेनाशी झाली. निळं लावलं, तेव्हा माणसं बदलली, हिशोब तोच राहिला. हिरवं लावण्याआधी माणिकरावांनीच हात जोडले. शेवटी मेहुणीबाईंच्या जुन्या उशांचे फुलाफुलांचे अभ्रे बांबूंना बांधले, आणि आमचं मैदान सर्वपक्षीय झालं.

साडूंच्या हातात लांबुडकी वस्तू आली की तिची काठी होते. लातूरला माझ्या चुलत मेहुण्याच्या लग्नात त्यांच्या हातात छत्री होती आणि पायाशी कुणाची तरी सुपारी पडलेली. मंगलाष्टकं चालू होती. साडूंनी पाय फाकले, कंबर वळवली आणि छत्रीचा एक झकास फटका दिला. सुपारी थेट बँडवाल्यांच्या ढोलावर! त्यांना तो इशारा वाटला. बँड वाजला, बँड वाजला म्हणून लोकांनी उरलेल्या अक्षता टाकल्या, आणि भटजींच्या दोन ओळी शिल्लक असताना लग्न लागून गेलं. जोडपं सुखात आहे. सासूबाई मात्र अजून मुहूर्त म्हटलं की थोरल्या जावयाकडं बघतात.

मी धाकटा जावई. त्या घरात माझं काम पिशव्या उचलण्याचं, म्हणून गोल्फचीही पिशवी माझ्याच खांद्यावर आली. नांदेडहून दर रविवारी मी त्यांच्या स्कूटरवर मागं बसून जात असे आणि पोट सावरत उन्हातून त्यांच्यामागं चालत असे. खेळायला त्यांनी मला कधी बोलावलं नाही आणि मीही कधी मागितलं नाही. पण त्यांना काय हवं होतं ते मला ठाऊक होतं. या खेळात आपले फटके आपण लिहायचे नसतात. सोबत खेळणाऱ्यानं आपले लिहायचे, आपण त्याचे, आणि शेवटी सह्या. पिशवीवाल्याची सही चालत नाही. चार वर्षं साडू अठरा-अठरा खड्डे खेळत होते, खिशातल्या कार्डावर आपलं नाव आणि तारीख घालत होते, आणि पुढचा रकाना मोकळा सोडत होते. "डाव झाला न्हाई, साडूभाऊ," ते परतताना म्हणायचे, "नुसता सराव झाला." मरायच्या आत एक पूर्ण डाव दुसऱ्या माणसाबरोबर खेळायचा, एवढीच त्यांची मागणी होती. नायगाव तालुक्यात ती अवघडच होती.

हिवाळ्यातल्या एका रविवारी रस्त्याकडेला दोन मोठ्या गाड्या थांबल्या. पहिलीतून पांढरे बूट, काळा गॉगल असा एक इसम उतरला आणि ढेकळं तुडवत आमच्याकडं आला. मी लगेच ओळखलं. ज्याचे तीन सिनेमे मी बायकोशेजारी झोपून काढले, तो हा नट! हैदराबादहून नांदेडला गुरुद्वाऱ्यात दर्शनाला निघाला होता. मी गडबडून पिशवीसकट नमस्कार केला. साडूंनी त्याच्या चेहऱ्याकडं बघितलंच नाही, हातांकडं बघितलं.

"एक हात सावळा, एक गोरा," ते मला हळूच म्हणाले. "खेळताना एकाच हाताला मोजा घालते. माणूस खेळणारा हाय."

"यहाँ गोल्फ?" नट हसत होता.

"हाव. अठरा होल. खेलते क्या?"

"कितना टाइम लगेगा?"

"पूरा खेले तो चार घंटे. आधा खेले तो खेलेच नईं समझो."

नटाच्या सेक्रेटरीनं घड्याळ दाखवलं, पण नटाची नजर काठ्यांवर गेली होती. "चलो," तो म्हणाला. साडूंनी त्याच्या हाती आपलं कार्ड दिलं. पहिल्या खड्ड्यावर नटानं त्यांच्या नावापुढं पाचाचा आकडा लिहिला. साडूंनी तो दोनदा वाचला.

सात खड्डे छान गेले. तोवर बातमी नायगावात पोचली होती. मोटारसायकली आल्या, शाल आली, नारळ आला, गुलाबी फेटा आला. साडू म्हणाले, सत्कार करा, पण खड्ड्याच्या मधे न्हाई. त्यामुळं आठव्या खड्ड्याला नट फेटा बांधून, शाल पांघरून उभा राहिला आणि त्या अवतारात मारलेला चेंडू बांधापलीकडं माणिकरावांच्या हरभऱ्यात गेला. आणि मग जे झालं ते आमच्याच भागात होऊ शकतं. माणिकराव पळत गेले, चेंडू शोधला, उपरण्यानं स्वच्छ पुसला, दोन्ही हातांत धरून आणला आणि देवापुढं नारळ ठेवावा तसा अलगद खड्ड्यात ठेवला. "पाहुण्याला कायले उन्हात पळवायचं?"

टाळ्या पडल्या. नटानं दोन्ही हात वर केले, फोन निघाले.

"वो नईं चलेगा," साडू म्हणाले.

टाळ्या थांबल्या. "अंकल, इनका प्यार है ये," नट म्हणाला.

"प्यार है. फटका नईं है. जहाँ पड़ा था, वहाँ से मारो."

 नटानं शाल काढून माझ्या खांद्यावर टाकली, हरभऱ्यात उतरला आणि मुकाट्यानं चार फटक्यांत बाहेर आला. नववा खड्डाही खेळला. पण आता गर्दीतून चेंडू दिसेना आणि सेक्रेटरीचा फोन थांबेना. "अगली बार पूरा करेंगे," म्हणत त्यानं कार्ड परत केलं. साडू एवढंच म्हणाले, "नौ और हैं." गाड्या गेल्या. मेहुणीबाई शेजारणींसह ऑटोनं पोचल्या तेव्हा फक्त धुरळा होता. त्या आठ दिवस साडूंशी बोलल्या नाहीत. माणिकराव जाताना म्हणाले, "साहेब, पाहुण्याचा मान ठिवायचा असतो." मग सगळेच गेले.

साडू बांधावर कार्ड घेऊन बसले. नऊ आकडे भरलेले, नऊ चौकोन रिकामे. मला राहवलं नाही. म्हटलं, "द्या इकडं, उरलेले नऊ मी मारतो."

"दुसऱ्याचा डाव आपल्याला पुरा करता येत न्हाई." ते माझ्या पोटाकडं बघत म्हणाले, "खेळायचं तर पहिल्यापासून."

दुपारचे दोन वाजले होते. माझ्या पहिल्या फटक्याला चेंडू जागेवर राहिला आणि ढेकूळ लांब गेलं. साडू जाऊन ते ढेकूळ घेऊन आले, जागच्या जागी बसवलं, पायानं दाबलं आणि माझ्या नावापुढं एक मांडला. दिवे लागायच्या वेळेला अठरावा खड्डा झाला. माझे दोनशे एकतीस फटके त्यांनी एकही न गाळता लिहिले. त्यांचे मी लिहिले. मग स्कूटरच्या सीटवर कार्ड ठेवून दोघांनी सह्या केल्या. साडू आभार मानणाऱ्यांतले नाहीत. "पुढच्या रविवारी टोपी आणा," म्हणाले.

तेव्हापासून माझे फटके कमी होत आले आणि त्यांचे वाढत चालले. कंबर वळत नाही, चेंडू पूर्वीच्या निम्म्यावर पडतो. परवा तिसऱ्या खड्ड्याला त्यांनी आठ मारले, मी सात लिहिले. त्यांनी कार्ड मागून घेतलं, चष्मा वर करून बघितलं.

"आठ, साडूभाऊ."

"सातच झाले."

"आठ झाले. मीच मारून राहिलो न्हवं?"

मी खोडून आठ केले. त्यांनी कार्ड खिशात ठेवलं, माझ्या खांद्यावर हात टेकला आणि पुढच्या खड्ड्यापर्यंत तो तसाच राहू दिला. ते कुठल्या नियमात बसतं, हे मी विचारलं नाही.