लग्नाचं कापड

रावपुऱ्यात माझे ब्लाउज शिवणारी बाई माप घेताना सतत बोलायची. हात आणि तोंड एकाच वेगानं चालायचं. मग तिला टीबी झाला आणि तो मेंदूत गेला. औषधं संपली, अंग भरलं, डॉक्टरांनी बरी झालीस म्हणून सांगितलं. बोलणं मात्र आटलं.

परवा लेकीच्या लग्नात घालायच्या ब्लाउजचं कापड घेऊन मी तिच्याकडे वर गेले. तिनं माप घेतलं, टेप गळ्यात टाकली आणि लगेच पुन्हा माप घ्यायला लागली.

“आत्ताच घेतलंस ने,” मी हळूच म्हणाले.

ती ओशाळली. कापडाची नीट घडी घालून तिनं माझ्या पिशवीत ठेवली.

“ताई, लग्नाचं आहे. दुसरीकडे शिवायला द्या. माझ्या हातून बिघडेल.”

पिशवी उचलून मी जिना उतरत होते, तोच वरून तिची हाक आली, “ताई, कापड नाही आणलंत?”