प्राग: दुपारी एक ते चार आराम

मस्कतमध्ये बसून मी प्राग शहराचा जाणकार झालो, हे आता सांगताना मलाच हसू येतं. तेव्हा येत नव्हतं. तेव्हा मी तो मान अगदी गंभीरपणे मिरवत होतो.

त्याचं झालं असं. नव्वदच्या दशकाच्या शेवटी मी एका बांधकाम कंपनीत कारकून होतो. लोकांच्या रजेची तिकिटं काढणं हे माझं काम. एका वर्षी अर्बाबना, म्हणजे आमच्या ओमानी मालकांना, उन्हाळ्यात प्रागला जायचं होतं. तिथे काय काय बघायचं याचा एक कागद करून दे, असं त्यांनी मला सांगितलं. मी ट्रॅव्हल एजंटाकडून माहितीपत्रकं उचलून आणली आणि दोन दिवस खपून एक सुबक पान टाइप केलं. टेकडीवरचा किल्ला, दोन्ही कठड्यांवर पुतळे असलेला जुना दगडी पूल, दर तासाला बाहुल्या फिरणारं चौकातलं घड्याळ, नदीतली होडी. अर्बाब परत आले, माझ्या टेबलापाशी थांबले आणि "जेन, वाजिद जेन" म्हणाले. छान, फारच छान. तेवढ्यावर मी जो हवेत गेलो तो चार-पाच वर्षं खाली आलो नाही. त्यांनी तो कागद उघडलाच नव्हता, हे मला फार पुढे त्यांच्या ड्रायव्हरकडून कळलं.

आम्ही अल् घुब्राला राहायचो. तिथल्या मराठी मंडळींत कोणी युरोपचं नाव काढलं, की लोक माझ्याकडे बोट दाखवायचे. मग मी चहाचा घोट घेऊन सांगायचो, "किल्ल्याला चढ आहे, बूट जरा चांगले घाला." मी प्रागला गेलो होतो असं मी एकदाही म्हणालो नाही. गेलो नव्हतो असंही म्हणालो नाही. बायको याला सरळ खोटेपणा म्हणायची. मी याला नम्रपणा म्हणायचो.

आमच्या कंपनीत रत्नागिरीकडचे एक वयस्कर स्टोअरकीपर होते. सगळे त्यांना चाचा म्हणत. कागदाशिवाय त्यांनी गोदामातून कधी एक खिळा बाहेर सोडला नाही. चाचांची नोकरी संपत आली होती आणि जानेवारीच्या शेवटी ते आणि चाची कायमचे गावी जाणार होते. एक दिवस ते माझ्या टेबलापाशी आले.

"एकोणीस वर्सां ही माज्यासंगती हितां ऱ्हायली," ते म्हणाले. "मस्कत आणि गाव, गाव आणि मस्कत. एका क्यालेंडरवर तुज्या त्या प्रागचा पूल बघितलान, तवापासना म्हणते, एकदा दाखवा. आता नाय तर कवाच नाय. तू सांगशील तसां करतो."

मला भरून आलं. खरं सांगायचं तर माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं, आणि त्यालाच मी भरून येणं समजलो. मी त्यांना जुना कागद दिला नाही. खास त्यांच्या वयाला झेपेल असा, चार दिवसांचा, तासातासाचा नवा कागद करायला घेतला.

"त्यांना सांग की तू गेलेला नाहीस," बायको म्हणाली.

"सांगतो की," मी म्हणालो, आणि टाइप करत राहिलो.

जानेवारी महिना मला उत्तम वाटला. मस्कतमध्ये फिरायला त्याच्यासारखा महिना नाही. नऊ ते एक मी बाजार ठेवला, पैसे बदलणं, काचेच्या वस्तूंची खरेदी, कारण एक वाजता दुकानं बंद होतात. एक ते चार आराम. साडेचारला चहा. पाच वाजता, ऊन उतरल्यावर, मुख्य ठिकाणं: पहिल्या दिवशी किल्ला, दुसऱ्या दिवशी पूल, तिसऱ्या दिवशी घड्याळ, चौथ्या दिवशी होडी. आमच्याकडे सगळं जगच तसं चालायचं. दुपारी रस्त्यावर चिटपाखरू नसे आणि संध्याकाळी सगळा गाव बाहेर पडे. खाली मी ठळक अक्षरांत लिहिलं, "वेळा काटेकोर पाळाव्यात."

ते जाऊन आले. पुढच्या शुक्रवारी त्यांनी मला माबेला भागातल्या त्यांच्या घरी बोलावलं. बायकोला बरं नव्हतं, म्हणून मी एकटाच गेलो. कौतुक ऐकायची माझी पूर्ण तयारी होती. घरात बांधलेली खोकी रचून ठेवली होती आणि त्यांतल्याच एकावर फोटोंचा अल्बम होता. चाचींनी चहा आणि सांदणं आणून ठेवली आणि आम्ही तिघं खाली सतरंजीवर बसलो.

"हा किल्ला," चाचा म्हणाले. फोटोत फ्लॅशनं पांढरे पडलेले दोन चेहरे होते, कानटोप्या होत्या, आणि मागे नुसता काळोख. "हा पूल." पुन्हा दोन चेहरे. चाचींच्या खांद्यामागे कुठल्याशा पुतळ्याचं एक पाऊल तेवढं दिसत होतं.

"किती वाजता गेला होतात?" मी विचारलं.

"पाचला. तूच लिवलेलां. पण तिथां साडेचारलाच काळोख पडतो. किल्ल्याचां दार बंद झालेलां. पुलावर असलां धुकां की नदी नुसती ऐकू आली. होडी तर थंडीतून बंदच."

"मग दुपारी का नाही गेलात?"

कोणी चिठ्ठीशिवाय माल मागावा तसे चाचा माझ्याकडे बघत राहिले. "एक ते चार आराम, वेळा काटेकोर पाळाव्यात, असां तूच लिवलेलांस ना? ही म्हणत होती, बाहेर ऊन हाय, जाऊया. मीच म्हटलां, नको. तो गेलेला माणूस हाय, काय तरी कारण असंल."

"झोप कुठची लागते," चाची म्हणाल्या. "खिडकीशी बसायचे मी. समोर भिंत होती. तिच्यावर ऊन यायचां."

त्यांनी हे तक्रार म्हणून सांगितलं नाही, आणि त्यामुळे मला जास्त लाज वाटली. या बाईनं जन्मात एकच सहल मागितली होती. ती मी तिला चार दुपारी हॉटेलच्या खोलीत बसवून घालवायला लावली, आणि तेही मोठ्या प्रेमानं, ठळक अक्षरांत.

चाचींनी माझ्या कपात आणखी चहा ओतला आणि माझ्याकडे वळून बसल्या. "तू तर उजेडी बघितलायस. सांग ना, दिवसाचा कसा दिसतो तो पूल?"

माहितीपत्रकातली वाक्यं माझ्या जिभेवर तयार होती. सकाळचं ऊन, पाण्यातले हंस, पलीकडच्या तीरावरची लाल छपरं. "सकाळी ना चाची," एवढं मी म्हणालोसुद्धा. त्या मांडीवर हात ठेवून ऐकायला बसल्या होत्या. मी कप खाली ठेवला.

"चाची, मी प्रागला कधी गेलोच नाही," मी म्हणालो.

चाचांचा कप हातातच राहिला. चाची चिडल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं. पण त्या नुसत्या हिशेब लागल्यासारखं म्हणाल्या, "म्हंजे आपल्या तिघांतल्या कुणीच तो पूल बघितलेला नाय."

मग त्यांनी अल्बमचं पान उलटलं. मी मान खाली घालून पुढचा फोटो बघू लागलो. तोही काळाच होता.