नवरात्रात सोडलेली गोळी

“तुम्हाला शुगर नाही, पण गोळी शुगरचीच घ्यायची आहे,” नाशिकच्या डॉक्टरबाई म्हणाल्या, तेव्हा मला वाटलं, दुसऱ्याच कुणाचा रिपोर्ट त्यांच्या हातात आलाय. लग्नाला चार वर्षं झाली होती. पाळी सहा-सहा महिने येत नव्हती, हनुवटीवर केस आले होते. घोटीला सासरी रोज भात खाऊन वजन वाढतंय, एवढंच मी समजत होते.

आजाराचं नाव पीसीओएस. सोनोग्राफीत अंडाशयात बारीक पुटकुळ्या दिसल्या. बाईंनी कागदावर चित्र काढून सांगितलं, की शरीर इन्शुलिनला दाद देत नाही, म्हणून ते जास्त तयार होतं. त्या जादा इन्शुलिनमुळे पुरुषी हार्मोन वाढतात आणि पाळी अडते. मेटफॉर्मिन ही मधुमेहाची गोळी इन्शुलिन खाली आणते, मग हार्मोनही हळूहळू ताळ्यावर येतात. जेवणानंतरच घ्या, हे त्यांनी दोनदा बजावलं.

पहिला महिना मळमळीत आणि संडासच्या फेऱ्यांत गेला. चौथ्या महिन्यात पाळी आली, पुढच्या महिन्यात पुन्हा. मोरीत उभी राहून मी आनंदानं रडले.

तेवढ्यात नवरात्र आलं. सासूबाईंनी मूल व्हावं म्हणून नवस बोलला होता. मी नऊ दिवस फक्त दूध-केळ्यांवर राहायचं. जेवणच नाही, तर जेवणानंतरची गोळी कशी घेणार?

“पोटात अन्न नाय, गोळी कशाला? देवी हाय ना,” सासूबाई म्हणाल्या.

मलाही पटलं. खोटं कशाला बोलू, मळमळ थांबली याचंच बरं वाटलं.

दसऱ्यानंतर पाळी ठरल्या दिवशी आली. आम्ही ती देवीची कृपा मानली आणि गोळ्या कपाटात गेल्या.

मग पाळी गेली ती गेलीच. गोळ्या आपणच सोडल्या, या लाजेपोटी मी दीड वर्ष दवाखान्याची पायरी चढले नाही. परत गेले तेव्हा शुगरही आली होती.

“उपवास होता, तर मला विचारायचं होतं,” बाई एवढंच म्हणाल्या. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

पुढे कित्येक वर्षं गोळ्या झाल्या, इंजेक्शनं झाली. मूल झालं नाही. ते दीड वर्ष वाया गेलं नसतं तर झालं असतं का? सांगता येत नाही, असं बाई म्हणतात. मला मात्र रोज वाटतं, झालं असतं.

बायांनो, पाळी आली म्हणजे आजार गेला, असं नसतं. गोळी आपल्या मनानं सोडू नका.

आता नवरात्रात सासूबाई आधी माझ्यासाठी तांदळाची भाकरी टाकतात. मी गोळी गिळेपर्यंत समोर बसून राहतात. त्यांचा स्वतःचा उपवास नऊही दिवस असतो. देवीकडे आता काय मागतात, ते मी विचारत नाही.