तुमचा हात नको

"काकू, तुम्ही मागे व्हा. ताट मॅडमकडे द्या. भाऊंच्या कपाळाला तुमचा हात नको."

संचालक साहेब हे हळू नाही बोलले. समोर पोरंपोरी बसले होते, प्राध्यापक बसले होते, साऱ्यायनं ऐकलं. ओवाळणीचं ताट मीच सजवलं होतं. निरांजनाची वात माह्या हातची. अक्षता मी निवडल्या, कुंकू मी काढलं. एका मॅडमनं ते ताट माह्या हातातून असं ओढलं की तेल माह्या पदरावर सांडलं. मी मांगं झाली. भिंतीले टेकून उभी राह्यली.

मी विधवा. नवरा पंपाच्या करंटनं गेला त्याले बारा वर्षं झाले. विधवेचा हात ओवाळाले चालत नाही हे मले माहीत नव्हतं असं नाही, जावा-नणंदायनं घरी शिकवलंच होतं. पण हे विद्यापीठ होतं ना बाप्पा. इथं भिंतीवर मोठ्या अक्षरात प्रकाशाच्या गोष्टी लिहिल्या होत्या. त्या भिंती पुसाचं कामही माह्याकडंच होतं.

तालुक्याच्या गावाबाहेर विद्यापीठाचं उपकेंद्र आहे. सरकारी. आमच्या भागातल्या पोरीयले घरून डबा घेऊन एसटीनं येता येते, सांजच्याले घरी पोचता येते, म्हणून त्या शिकतात. नाही तं बारावी झाली की मांडव. मी तिथं प्रयोगशाळेत कंत्राटी शिपाई होती. दार उघडायचं, काचा धुवायच्या, दार लावायचं. किल्ली माह्या कमरेले. अन् हे भाऊ म्हणजे आमच्याकडले पुढारी. विद्यापीठाच्या कमिटीवर तेच, अन् चार कोसावरच्या खाजगी कॉलेजाचे मालकही तेच.

कार्यक्रम झाल्यावर वर्षा प्रयोगशाळेत आली. सुलतानपूरकडली पोरगी, एमएस्सीले होती.

"काकू, तुम्ही काऊन ऐकून घेतलं?"

"रीत आहे बाई," मी म्हटलं अन् काचा धुवाले लागली.

ती लोणारच्या सरोवराचं पाणी बाटल्यात भरून आणे. घाण वास मारे त्याचा. एक दिवस तिनं मले सूक्ष्मदर्शकाजवळ बसवलं, माहं डोकं धरून भिंगावर टेकवलं. एका थेंबात इतके जीव वळवळ करत होते. मी म्हटलं, माय, इतक्या खारट पाण्यात हे जगतात कसे? ती हासली. म्हणे, "हेच तं शोधून राह्यली मी." चौथी शिकलेली बाई मी. मले कोणी आयुष्यात असं जवळ बसवून काही दाखवलं नव्हतं. त्या दिवसापासून तिच्या बाटल्या मी माह्या हातानं फळीवर ठेवो, कोणाले हात लावू देत नव्हती.

मंग ती दुपार आली. साहेबांचा फोन आला, "काकू, लॅब उघडा, सामान दुरुस्तीला जातंय." मी उघडली. बाहेर टेम्पो उभा होता, भाऊच्या कॉलेजाचा. सूक्ष्मदर्शक, तराजू, फ्रीज, सारं भराले लागले. तळं राखीन तो पाणी चाखीन म्हणतात, हे तं तळंच उचलून नेऊन राह्यले होते. प्रयोगशाळा रिकामी झाली की उपकेंद्रात सोय नाही म्हणायचं, ते बंद पाडायचं, अन् इमारत भाऊच्या संस्थेले द्यायची. हे साऱ्या गावाले माहीत होतं.

पोरं धावत आले. कागद दाखवा म्हणे. कागद कुठला. वर्षा टेम्पोच्या पुढं जमिनीवर बसली, तिच्या बाजूले अजून सात-आठ जण. अर्ध्या तासात दोन जीपा आल्या. उतरणारे चौघं मले चांगले माहीत होते, भाऊच्या मांगं मांगं फिरणारे. त्यायच्या हातात लोखंडी पाइप होते.

आता जे सांगते ते माहं आहे. दुसऱ्या कोणाचं नाही.

पाइप पाह्यला अन् मी प्रयोगशाळेत पळाली. आतून कडी लावली. बाहेर मारण्याचा आवाज, पोरायचं वरडणं. मंग दारावर धडाधड हात पडले.

"काकू, दार उघडा. काकू, मी आहो, वर्षा."

मी कडीवर हात ठेवून उभी होती. कडी काढाले किती वेळ लागते? मी नाही काढली. ती अजून दोनदा म्हणे, काकू. मंग पाइपाचा आवाज आला अन् दार ठोकणं बंद झालं. मी खिडकीच्या फटीतून चौघायचे तोंडं पाह्यले. तिच्या कानातून रक्त निघून राह्यलं होतं. तरीबी मी दार नाही उघडलं.

पोलीस आले तेव्हा साहेब माह्या बाजूले उभे होते. "काकू चहा करायला गेल्या होत्या," ते म्हणे. मी मान हालवली. जमादारानं लिहिलं, मी सही केली. चौथीनंतर पेन धरला नव्हता, सही कराले मले वर्षानंच शिकवलं होतं.

खामगावच्या दवाखान्यात तिले पाहाले गेली. केळं नेले होते. डोक्याले पट्टी, तोंड सुजलेलं. मी बोलली तं तिनं मान फिरवून दुसरा कान माह्याकडं केला. एक कान कायमचा गेला होता.

"काकू, त्या दिवशी तुम्ही आत होत्या का?"

"नाही बाई."

ती माह्याकडं पाहत राह्यली. मंग डोळे मिटले. तिचा बाप म्हणे, बस झालं शिक्षण, आता सोयरीक पाहून राह्यलो, एका कानाची पोरगी, जो भेटन तो. मी केळं तिथंच ठेवून निघाली. एसटीत खिडकीजवळ बसून रडली. बाजूची बाई म्हणे कोणी गेलं का? मी हो म्हटलं.

गावात उपकेंद्र बचाव समिती झाली. रिटायर मास्तर, वकील, डॉक्टर, दुकानदार, पोरायचे मायबाप. उपकेंद्राले वावर देणारे म्हातारेही आले. दर रविवारी तहसीलपुढं बसत. आमच्या आळीतले गुरुजी त्यात होते, मले नोकरी त्यायनंच लावून देल्ली होती. एक दिवस घरी आले. पाटावर बसले, पाणी प्यायले.

"पोरं सांगतात तर पोलीस म्हणतात, हे आरोपी आहेत, खोटंच बोलणार. पोरांवरच केस टाकली आहे. आतला माणूस कोणी बोलत नाही."

"मले माहीत नाही, गुरुजी."

"बरं," म्हणे, अन् गेले. रागावले असते तं बरं झालं असतं.

महिन्याभरानं उपकेंद्रात भाऊचा सत्कार ठेवला. त्यायले विद्यापीठाचं अजून मोठं पद भेटलं होतं. समितीनं बहिष्कार टाकला. त्या दिवशी साऱ्या मॅडम रजेवर. पोरी आल्याच नाही. फोटोवाला आलेला, खुर्च्या भाड्याच्या माणसायनं भरलेल्या. अन् ओवाळाले बाई नाही. साहेब घामाघूम होऊन प्रयोगशाळेत आले.

"काकू, आज तुम्हीच ओवाळा."

"साहेब, मी विधवा आहो."

"आता कोण मानतं ते सगळं? जमाना बदलला काकू."

खोटं नाही सांगत, मले बरं वाटलं. बारा वर्षात कोणी माह्या हातात ताट देल्लं नव्हतं. मी पदर नीट केला. ताट घेऊन स्टेजवर गेली. भाऊनं टोपी सरकवून कपाळ पुढं केलं. त्याच्या मांगं ते चौघंही उभे होते, इस्त्रीचे कपडे घालून, हासत. एकानं मले नमस्कार केला. मी कुंकवात बोट बुडवलं, अन् माहं बोट मलेच पाहवलं नाही. मले दारावरचे हात ऐकू आले.

जमाना कशाचा बदलला? यायले माहं तोंड पाह्यजे होतं पेपरात. पाहा, आमची शिपाई बाईही आमच्यासंगं आहे.

मी ताट टेबलावर ठेवलं.

"मले नाही ओवाळायचं. त्या दिवशी मी आतच होती. वर्षा दार ठोकत होती, या चौघायनं तिले माह्या दारात मारलं."

भाऊनं कपाळ पुसलं, जसं काही लागलं होतं. साहेब दात खाऊन म्हणे, "काकू, वेड लागलं का?" मी कमरेची किल्ली काढून त्यायच्या हातात देल्ली. सांजच्याले ठेकेदाराचा फोन आला, उद्यापासून येऊ नका. दीर दारात येऊन म्हणे, तुह्या तोंडापायी आमचं घर जाळतीन लोकं.

समितीनं बाजाराच्या मैदानात जनसुनावणी ठेवली. कोणी मंगल कार्यालय देल्लं नाही. मी पहिले माहं सांगतलं, कडीचं अन् खोट्या सहीचं. मंग बाकीचं. गुरुजी लिहून घेत होते, त्यायचा हात थांबला. वर्षा बापासंगं आली होती. शेवटच्या रांगेत, चांगला कान माह्याकडं करून बसली होती. सारं झाल्यावर मी तिच्याकडं निघाली. ती उठली, माह्याकडं एकदा पाह्यलं अन् बापाचा हात धरून चालली गेली. तिनं मले माफ करावं असं मी म्हणूच कशी?

आता पोरायच्या केसची तारीख लागली आहे. समितीच्या वकीलबाईनं माहं नाव साक्षीत देल्लं. ती म्हणे, भाऊचा वकील तुम्हाले सोलून काढन. विचारन, पोलिसाले एक सांगतलं, आता एक सांगता, तुमच्यावर विश्वास काऊन ठेवायचा?

विचारू दे. मी सांगीन, हाव, तेव्हा खोटं बोलली. भेली होती. आजही भेते. भेतभेत सांगीन, पण चौघायचे नावं सांगीन, पाचवं नाव भाऊचं सांगीन, अन् दार लावून बसणाऱ्या बाईचं साऱ्यायच्या पहिले.