घरी बसवलेला धरायचा नाही

"खांदा आजवर किती वेळा निखळला?" हा प्रश्न आला की छकुलीचं डोकं फिरायचं. बारामतीच्या दवाखान्यात खिडकीवरच्या बाईने तो विचारला, तेव्हा तिने ठरलेलं उत्तर फेकलं, "तीन." बाईने लिहून घेतलं. शेजारी उभ्या असलेल्या तात्याबांनी, तिच्या वडिलांनी, उगाच पटका सारखा केला.

तीन हे खोटं नव्हतं, निदान छकुलीच्या मते. वरकुट्यात, गावी, त्यांच्या घरची रीतच तशी होती. तात्याबांच्या घराण्याने पिढ्यान्‌पिढ्या मेंढरं राखली, मेंढरांचे निसटलेले पाय बसवले. पुढे मेंढरं गेली, ऊस आला, पण तात्याबांच्या हातातली कला गेली नाही. गावातली माणसं खांदा, कोपर घेऊन त्यांच्याच दारात येत. सांधा बसवला की तात्याबा दंडाला काळ्या लोकरीचा दोरा बांधत, आणि दुखणं ओसरलं की तो सोडून दारच्या बाभळीला अडकवत. असा घरी बसवलेला सांधा निखळला म्हणून कुणी धरतच नसे. दवाखाना गाठावा लागला तरच तो निखळला. छकुलीवर तशी वेळ तीनदाच आली होती.

ती सव्वीस वर्षांची, चार वर्षं पोलीस भरतीच्या मागे लागलेली. पळण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं, आणि गोळाफेकीत नेमका तोच मेला उजवा हात दगा द्यायचा. दोन वर्षांपूर्वी दुसऱ्या एका दवाखान्यात दुर्बिणीतून ऑपरेशन झालं. तिथे एक साधा एक्स-रे आणि तिचं "तीन", एवढ्यावर सगळं ठरलं. सांध्याची सुटलेली किनार टाके घालून शिवली. पुढे आठ महिने तिने कळ काढली, आणि मैदानात उतरल्यावर चौथ्याच फेकीला गोळ्याबरोबर खांदाही निघाला. तोही तात्याबांनी घरीच बसवला. तेव्हापासून ती सगळ्यांवर खार खाऊन होती. डॉक्टरांवर, गोळ्यावर, "आता लगीन कर बाई" म्हणणाऱ्या फुलाबाई आत्यावर, आणि काहीच न बोलणाऱ्या बापावर तर सगळ्यात जास्त.

आत डॉक्टरीणबाईंनी सकाळीच काढलेला सीटी स्कॅन पडद्यावर लावला.

"ही खांद्याची वाटी. हिचा खालचा भाग गोल असतो." त्यांनी त्यावर एक गोल काढला. मागून, खालून तो हाडावर चपखल बसला. पुढे मात्र रेघ मोकळ्या जागेतून गेली. "कड इथपर्यंत हवी होती. मोजलं तर वाटीच्या रुंदीतला चौथा हिस्सा झिजलाय. मागचे टाके टिकणार कशाच्या आधारावर? आणि तीन वेळा निखळून सहसा एवढं हाड जात नाही. खरं सांग, किती वेळा?"

"तीन म्हनलं न्हवं?"

"चौदा," तात्याबा म्हणाले.

छकुलीने मान वळवून त्यांच्याकडे असं पाहिलं की दुसरा कुणी असता तर बाहेर गेला असता.

"दवाखान्यात तीन, माज्या हातनं अकरा. बाभळीला दोरं हायती, मोजून घ्या बाई."

डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत, याचाच छकुलीला जास्त राग आला. एवढं आधी कळलं असतं तर सीटी तेव्हाच झाला असता, एक्स-रेत ही झीज नीट दिसत नाही, असं त्या म्हणाल्या. आता जवळच्याच हाडाचा तुकडा वाटीच्या कडेला स्क्रूने बसवावा लागणार होता. त्यानंतर निदान सहा महिने गोळ्याला हात लावायचा नाही. मैदानी चाचणी तर दोन महिन्यांवर आली होती.

घरी परतताना इंदापूरच्या एसटीत बसायला जागा नव्हती.

"खरा आकडा म्हाईत हुता, तर मागच्या वक्ताला, आपरेशनच्या आधी, का गप बसला आबा?"

"तू तीन म्हनलीस. लेकीला खोटं कसं पाडू?" तात्याबा थांबले. "आन्‌ खरं सांगू? मला वाटायचं, म्या बसवला म्हंजी बरा झाला."

संतापाच्या भरात तिने वरचा दांडा उजव्याच हाताने धरला. कन्हेरीच्या अलीकडे ड्रायव्हरने ब्रेक दाबला आणि खांदा निसटला.

तात्याबांचे हात आपसूक पुढे आले आणि तिच्या दंडाजवळ येऊन थांबले.

"बसवा की आबा!" ती ओरडली.

"न्हाय." त्यांनी पटका सोडून तिचा हात छातीशी अलगद बांधला. "ओ कंडक्टर, गाडी थांबवा. मागं जायाचं हाय."

टेम्पोतून परत बारामतीला येईपर्यंत तात्याबांनी स्वतःचे दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले होते. प्रत्येक खड्ड्याला ती कण्हायची आणि ते डोळे मिटायचे. दोन मिनिटांचं काम होतं. ते करायचं नाही, हे त्या माणसाला किती जड जात होतं ते तिला दिसत होतं.

खिडकीवर तीच बाई होती. सवयीने तिने कागद ओढला. "खांदा आजवर किती..."

"पंधरा," छकुली दात आवळून म्हणाली. "सकाळचं तीन खोडा आधी."